अनलॉक केलेला गॅलेक्सी फोन, छोट्या कंपनीचं सिम, आणि महिनोन्‌महिने अपडेट नाही: असं का?

अमेरिकेतल्या सॅमसंग फोनपुरतं सांगतो. ‘अनलॉक’ म्हणजे फक्त सिमचं कुलूप उघडलं. आतलं सॉफ्टवेअर ज्या मोबाइल कंपनीचं होतं तिचंच राहतं.

आधी सेटिंग्ज > अबाउट फोन इथे मॉडेल नंबर बघा. एस२४ मध्ये शेवटी ‘यू१’ असेल (एसएम-एस९२१यू१), तर फोन मुळातच अनलॉक विकलेला. नुसतं ‘यू’ असेल तर तो एखाद्या मोठ्या कंपनीसाठी काढलेला. मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’ची ओळ वाचा. तिथे तिरक्या रेघांनी तोडलेले तीन-तीन अक्षरी कोड असतात: एटीटी (एटी अँड टी), टीएमबी (टी-मोबाइल), व्हीझेडडब्ल्यू (व्हेरायझन), मूळचा अनलॉक असेल तर एक्सएए.

खरी अडचण एटीटी कोडवाल्यांची. एटी अँड टीचं अपडेट त्यांच्या सर्व्हरवरून येतं आणि त्यांचं सिम नसेल तर बहुधा येतच नाही. मिंट किंवा कंझ्युमर सेल्युलर अशा छोट्या कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, अपडेट त्यांच्या हातात नसतं. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या अशा फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तरी हाच प्रकार.

उपाय: विंडोज संगणकावर स्मार्ट स्विच हा सॅमसंगचा प्रोग्राम टाका, बॅकअप घ्या, बॅटरी निम्म्याहून जास्त ठेवा आणि डेटा जाणाऱ्या केबलने फोन जोडा (नुसत्या चार्जिंगच्या केबलने तो दिसणारच नाही). नवीन आवृत्ती असेल तर तिथेच ‘अपडेट’ दिसतं. नाहीच दिसलं तर ओडिन (संगणकावरून फोनमध्ये सॉफ्टवेअर हाताने भरायचा प्रोग्राम) उरतं, पण त्यात चुकीची फाइल निवडली की सगळा डेटा पुसला जातो.

आयफोनला हा त्रास नाही. आयओएस थेट ॲपलकडून येतं.