भुयारी मेट्रोत ‘माघार घ्या’ ऐकूच आलं नाही, तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुयारी स्थानकातल्या अग्निशमन दलाच्या मॉक ड्रिलमध्ये वरच्या अधिकाऱ्याने वायरलेसवर ‘बाहेर या’ सांगितलं. प्लॅटफॉर्मवरची तुकडी आली, बोगद्यात गेलेले चौघे मात्र काम करतच राहिले. नंतर ‘सेट खराब होता’ म्हणून विषय मिटवला गेला. तर नियम काय आणि चूक कोणाची?

सेट बहुधा ठणठणीत असणार. चूक झाली ती चौघे आत शिरले तेव्हाच. हुकूम ऐकू आला नाही तर कधी परत फिरायचं, हे त्यांना ठरवून दिलेलं नव्हतं. जमिनीखाली वायरलेस चालेलच असं धरून कोणालाही आत पाठवायचं नसतं. माघारीची अट प्रत्येक तुकडीने आत जातानाच सोबत न्यायची. वायरलेसचा उपयोग एवढाच की त्या अटीच्याही आधी त्यांना परत बोलावता येतं.

आता सेटचं. हातातला सेट दोन तऱ्हांनी बोलतो. एकतर रिपीटरमार्फत (म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा जोरात पुढे पाठवणारं यंत्र), नाहीतर थेट सेट ते सेट. भुयारात रिपीटरचा सिग्नल पोचवायला भिंतीवरून लिकी फीडर केबल नेलेली असते. तिच्या आवरणातल्या खाचांमधून सिग्नल वाटेभर झिरपत राहतो. ती केबल जळली, तुटली किंवा तिचा वीजपुरवठा गेला की त्या पट्ट्यात शांतता. इथे नवी मुलं हमखास फसतात: सेट रिपीटर चॅनलवर असेल आणि रिपीटरपर्यंत पोचत नसेल, तर दहा मीटरवरच्या जोडीदारालाही तुमचं ऐकू येत नाही. थेट चॅनलवर गेलात तर जोडीदाराला ऐकू येईल, पण वरच्या कमांडला नाही. शिवाय बोगदा वळला की थेट सिग्नलही झपाट्याने मरतो.

म्हणून मधे माणूस उभा करायचा. जिन्याच्या वळणावर एक, प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक, गरज पडली तर बोगद्याच्या वळणावर आणखी एक. प्रत्येकाकडे दोन सेट: एक आतल्यांशी थेट, दुसरा कमांडशी. या माणसाने निरोप शब्दाला शब्द पुढे द्यायचा, स्वतःचा अर्थ लावायचा नाही. ‘धूर वाढतोय’चं दोन टप्प्यांत ‘आग वाढतेय’ होतं आणि वरचा अधिकारी भलताच निर्णय घेतो. काही अधिकाऱ्यांना यात माणसं वाया जातात असं वाटतं. मला उलट वाटतं. मधला माणूस नसेल तर पुढची तुकडी पाठवूच नये. बोगद्याच्या भिंतीवरचे आणीबाणीचे टेलिफोनही विसरू नका. वायर शाबूत असेल तर ते कुठल्याही सेटपेक्षा भरवशाचे.

हे जुनंच दुखणं आहे. 18 नोव्हेंबर 1987 ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला लागलेल्या आगीत 31 जणांचा जीव गेला, त्यात अग्निशमन दलाचा एक अधिकारीही होता. त्या चौकशीतही जमिनीखालच्या संपर्काचा मुद्दा निघाला. तरी 7 जुलै 2005 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी लंडनच्या बोगद्यांतून निरोप न्यायला माणसं पळवावी लागली. 12 जानेवारी 2015 ला वॉशिंग्टनच्या लाँफाँ प्लाझा स्थानकाजवळ गाडी धुरात अडकली तेव्हाही खाली उतरलेल्या जवानांचे सेट धड चालले नाहीत.

हुकूम कसा द्यायचा, ते पाहू. ‘सगळे बाहेर या’ असं हवेत सोडलेलं वाक्य म्हणजे हुकूम नव्हे. साधारण असं व्हायला हवं:

‘कमांड ते बोगदा एक.’
‘बोगदा एक, बोला.’
‘बोगदा एक, माघार. उत्तर प्लॅटफॉर्मकडे या. परत सांगा.’
‘बोगदा एक, माघार, उत्तर प्लॅटफॉर्म. चौघे सोबत, सर्वात कमी हवा 220 बार, निघालो.’

शेवटच्या ओळीत चार गोष्टी आल्या: हुकूम कळला, दिशा कळली, माणसं किती, हवा किती (बार म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधला हवेचा दाब). ही ओळ आली नाही तर हुकूम पोचलेला नाही असंच धरायचं. आत कोण गेलंय याची नोंद ठेवणाऱ्या टॅली बोर्डावर त्या तुकडीच्या नावापुढे खूण करायची आणि मधल्या माणसाकडून निरोप द्यायचा, सोबत ठरलेल्या शिट्टीचा किंवा हॉर्नचा इशारा. शिट्टी पंख्यांच्या घरघरीत फार लांब जात नाही, पण जवळच्यांना पुरते. बाहेर पोचल्यावर पुन्हा हजेरी. नुसती डोकी मोजायची नाहीत, नावं घ्यायची. आणि प्रवाशांना गाडीतून उतरवण्याचा हुकूम व जवानांच्या माघारीचा हुकूम यांचे शब्द वेगळे ठेवा. ‘खाली करा’ दोन्हीकडे वापरलंत तर धुरात कोण काय समजेल सांगता येत नाही.

श्वसनयंत्राच्या मास्कमधून बोलायचीही सवय लागते. माइक हनुवटीपाशी नाही, मास्कच्या आवाजाच्या पडद्याला जवळजवळ टेकवायचा. बटण दाबा, एक सेकंद थांबा, श्वास रोखून छोटं वाक्य बोला. बटण दाबता दाबता बोललात तर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘नाही’ने सुरू होणाऱ्या वाक्याचा पहिला शब्द कापला गेला की काय होतं ते तुम्हीच पाहा. कमी हवेची शिट्टी वाजत असेल तर माइकवर तळहात आडवा धरा.

आता माघारीच्या अटी. पहिली हवेची. 6.8 लिटरच्या, 300 बारच्या सिलिंडरमध्ये साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला 50 लिटर लागतील असं धरलं आणि 50 बार राखून ठेवले, तर जाण्यायेण्याचं आणि कामाचं मिळून 34 मिनिटं. ओझं उचलून चालताना त्याहून कमीच. म्हणून एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश परतताना, एक तृतीयांश अडीअडचणीला. म्हणजे 300 बारवर आत गेलेला माणूस 200 वर परत फिरणार, कोणी बोलावो न बोलावो. अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए 130 या मेट्रोच्या अग्निसुरक्षेच्या अमेरिकी मानकात भुयारी मार्गावर बाहेर पडण्याच्या जिन्यांमधलं अंतर जास्तीत जास्त 762 मीटर, आणि जोडबोगदे असतील तर एका बोगद्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटांमधलं अंतर 244 मीटर. धुरात भिंत चाचपत 244 मीटर म्हणजे काय, ते एकदा मास्क झाकून चालून पाहा. दुसरी अट संपर्काची: ठरलेल्या वेळेत कमांडशी बोलणं झालं नाही, तर जिथे शेवटचा संपर्क झाला होता त्या जागेपर्यंत मागे या. तिथेही संपर्क नसेल तर बाहेर.

दिशा सांगण्याआधी पंखे कुठल्या बाजूला ओढतायत ते मेट्रोच्या नियंत्रण कक्षाला विचारलंच पाहिजे. 28 ऑक्टोबर 1995 ला अझरबैजानमधल्या बाकूच्या मेट्रोत आग लागल्यावर पंख्यांची दिशा बदलली गेली आणि धूर बाहेर पडणाऱ्या प्रवाशांच्या अंगावर आला. बळी 289. वॉशिंग्टनमध्येही स्थानकाचे पंखे चालू झाले आणि धूर अडकलेल्या गाडीकडे खेचला गेला. ताज्या हवेच्या बाजूने आत, त्याच बाजूने बाहेर. पंखे उलटे फिरवायचे असतील तर आधी आतल्या प्रत्येक तुकडीकडून उत्तर आलं पाहिजे.

‘पॉवर ऑफ’चंही तसंच. कोणी ओरडलं म्हणून थर्ड रेल (गाडीला वीज देणारा तिसरा रूळ) मेली असं होत नाही. बहुतेक ठिकाणी तिच्यात साधारण 750 व्होल्ट असतात, वरच्या तारेत काही मार्गांवर 25 हजार. कुठला पट्टा बंद केला ते नियंत्रण कक्षाकडून नाव घेऊन वदवून घ्यायचं, अर्थिंग (उरलेली वीज जमिनीत सोडणारी जोडणी) झालंय का ते विचारायचं आणि तरीही रुळाला हात लावायचा नाही. वीज बंद म्हणजे गाड्या थांबल्या असंही नाही. उतारावरची गाडी घरंगळत येऊ शकते, देखभालीची गाडी डिझेलवर चालते. दोन्ही खात्र्या वेगवेगळ्या मागा.

18 फेब्रुवारी 2003 ची दक्षिण कोरियातल्या देगू मेट्रोची आग शिकवताना लोक आग लावणाऱ्याबद्दल बोलतात. मी समोरच्या गाडीबद्दल बोलतो. एक गाडी जळत असताना दुसरी त्याच स्थानकात येऊन शेजारी उभी राहिली, चालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात बोलणं होत राहिलं, आणि शेवटी दुसऱ्या गाडीचा चालक मास्टर की (गाडी चालवायची मुख्य किल्ली) काढून निघून गेला. दारं बंद. एकूण 192 बळींपैकी बहुतेक या दुसऱ्या गाडीतले. तिथे वायरलेस चालू होता! त्यामुळे स्थानकावर पोचताच पहिल्या अधिकाऱ्याने नियंत्रण कक्षाला दोन प्रश्न विचारायचे: इकडे येणारी प्रत्येक गाडी कुठे आहे, आणि तिची दारं कोण उघडणार.

पुढच्या ड्रिलआधी केबलची चाचणी कशी झाली ते विचारून घ्या. बहुतेकदा रात्री रिकाम्या बोगद्यात, मास्कशिवाय चालत जाऊन केलेली असते आणि सगळीकडे सिग्नल मिळतो. बोगद्यात गाडी उभी करून, ती आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवरून मास्क लावून तीच चाचणी करायला सांगा. जिथे आवाज तुटेल तिथे भिंतीवर रंगाने खूण करून घ्या. मधला माणूस उभा करायची जागा तीच.