पुण्यात एका क्लिनिकने १२ वर्षांच्या मुलीच्या टाइप वन डायबेटिससाठी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, इन्सुलिन सुटेल म्हणतात, घ्यावं का?

नका घेऊ, पैसे भरून मिळणारं असं कुठलंही पॅकेज टाइप वनसाठी मान्य उपचार नाहीये, आणि कुणी कितीही सांगितलं तरी इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नका, कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साठून, पोरीच्या जिवावर बेतेल. मी इथेच डायबेटिस एज्युकेटर आहे, असली माहितीपत्रकं घेऊन आईबाप येतात आमच्याकडे, त्यात बहुतेक वेळा पोटाच्या चरबीतून नाहीतर कमरेच्या हाडातून पेशी काढून सलाइनवाटे परत सोडतात, त्या काही इन्सुलिन बनवत नाहीत. खरं काम वेगळं चाललंय. व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिस्लेसेल नावाच्या उपचारात स्टेम सेलपासून लॅबमध्ये तयार केलेल्या आयलेट पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत (पोर्टल व्हेन) सोडतात, २०२५ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये पूर्ण डोस घेतलेल्या १२ पैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हतं, आणि हे खरंच फार मोठं आहे! पण ती सगळी मोठी माणसं, शुगर एकदम खाली गेलेली कळतच नाही अशी, शिवाय शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून इम्युनिटी दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात, त्या ट्रायलमध्ये एकजण मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने) गेलासुद्धा. क्लिनिकवाले ‘ट्रायल आहे’ म्हणाले तर सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदणी) नंबर मागा, त्यांच्या साइटवर स्वतः तपासा, एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र बघा, खऱ्या ट्रायलमध्ये पेशींचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत.