प्राचीन ग्रीक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' नाटकात पाताळाची अद्भुत गोष्ट आणि साहित्यसमीक्षा यांचा मेळ कसा बसतो? ती समीक्षा खरी की नुसती थट्टा?

थट्टाच आहे, पण जाणकाराची. आणि पाताळ वजा केलं तर ती समीक्षा उभीच राहत नाही.

नाटक इ.स.पू. 405 मधलं. युरिपिडीज आणि सोफोक्लीस हे शोकांतिकाकार नुकतेच वारलेले. अथेन्समध्ये दमदार कवी उरला नाही म्हणून नाट्यदेव डायोनिसस स्वतःच युरिपिडीजला परत आणायला पाताळात उतरतो, तेही ग्रीक वीर हेरॅक्लीससारखं सिंहाचं कातडं पांघरून. (नावातले बेडूक वाटेतल्या तळ्यात ओरडतात आणि संपतात.) तिथे शोकांतिकेच्या आसनावरून युरिपिडीज आणि आधीच्या पिढीतला शोकांतिकाकार एस्किलस यांची जुंपलेली. युरिपिडीजचं पहिलं नाटक आलं त्याच सुमारास एस्किलस गेला होता. या दोघांचा सामना मेल्यावरच शक्य होता.

'वजनदार ओळ' असं आपण सहज म्हणतो. ॲरिस्टोफेनिस सरळ तराजू आणतो. युरिपिडीज पारड्यात आर्गो जहाजाची ओळ टाकतो, एस्किलस नदीची. नदी जड भरते, कारण लोकर विकणारे लोकर भिजवतात तशी त्याने ओळ भिजवली, असं डायोनिसस म्हणतो. पुढे मन वळवणाऱ्या वाणीसमोर मृत्यू ठेवला जातो. अर्थात मृत्यूच जड.

पण माझ्या मते अस्सल समीक्षा तेलाच्या कुपीत आहे. युरिपिडीज आपल्या नाटकांच्या सुरुवाती म्हणू लागतो, आणि एस्किलस प्रत्येकीला एकच शेपूट जोडतो: '...तेलाची कुपी हरवून बसला.' दर वेळी वृत्तात चपखल बसतं. कारण आधी नायकाचं नाव, मग तो कुठून आला, काय करत होता, आणि मुख्य क्रियापद लांबणीवर, हा साचा ठरलेला. शैलीतला एकसुरीपणा दाखवायला याहून नेमकी युक्ती मला माहीत नाही.

निकाल मात्र काव्यावर लागत नाही. युद्धाने बेजार अथेन्सला वाचवायचं कसं, वादग्रस्त सेनानी अल्सिबायडीजचं काय करायचं, हे दोघांनाही विचारलं जातं, आणि शेवटी डायोनिसस मनाला वाटलं म्हणून एस्किलसला निवडतो. युरिपिडीज आपल्याला परत नेण्याच्या शपथेची आठवण देतो, तेव्हा 'शपथ जिभेने घेतली होती' हे त्याच्याच 'हिपोलिटस'मधलं वाक्य त्याच्या तोंडावर मारलं जातं.

वाचणार असाल तर आधी युरिपिडीजची 'हिपोलिटस' आणि 'मीडिया' ही नाटकं वाचा. आर्गोची ओळ 'मीडिया'चीच पहिली ओळ आहे.