पेठेची जर्सी पहिल्यांदा घालतोयस तर

अभिनंदन भावा, कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या सीनियर फुटबॉल टीमात नाव आलं म्हणजे नादखुळा काम झालं. आता टेन्शन येणारच. शाहू स्टेडियमवर शिवाजी किंवा दिलबहार या दुसऱ्या पेठांच्या टीमांबरोबर मॅच असली की गॅलरीत सगळी पेठ बसलेली असते, त्यात तुझ्या शाळेचे सरही असतात आणि उधारीवर चहा देणारा टपरीवालाही.

मी दुसऱ्या पेठेकडनं खेळलोय, पण सुरुवातीला सगळ्यांची गत सारखीच.

१. पहिले दोन-तीन पास अगदी सोपे, जवळच्याला दे. माझ्या पहिल्या मॅचला मी बॉल मिळाल्या मिळाल्या तिघांना चकवायला गेलो, बॉल गेला, समोरच्यांनी गोल मारला आणि गॅलरीतनं माझ्या आज्ज्यापर्यंत उद्धार झाला.

२. गॅलरीकडं बघू नको. उत्तर तर अजिबात देऊ नको, रागाच्या भरात पिवळं कार्ड पडतंय, दुसरं पडलं की थेट बाहेर आणि टीम दहावर.

३. मॅचच्या आदल्या रात्री कट्ट्यावर बसू नको, तिथं प्रत्येकजण कोच असतो. जेव, मोबाईल बाजूला ठेव, झोप.

फॉर्मेशन बिर्मेशनचं आत्ता डोक्यात घेऊ नको, ते सीनियर सांगतील. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, त्यामुळं आता प्रत्येक पोराकडं लोक त्याच नजरेनं बघतात. बघू देत.

आणि हो, नवीन बूट मॅचला पहिल्यांदा घालू नको, टाचा सोलून निघतात.