कीटो आहारात लघवीच्या पट्टीचा रंग फिका पडला, म्हणजे शरीरातील कीटोन कमी झाले का?

आपण विचारले आहे की, कीटो आहाराला (पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि चरबी जास्त असे जेवण) दोन महिने झाले, पहिल्या पंधरवड्यात लघवीच्या पट्टीवर गडद जांभळा रंग उमटत असे, आता जेवण तेच असूनही तो फिकट गुलाबी येतो, तर काही चुकते आहे का. मी डॉक्टर नाही. परभणीत राहून वर्षभर हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाळला, त्या आधारे सांगतो की बहुधा काहीच चुकत नाही.

पिष्टमय पदार्थ दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमच्या आत ठेवले, की इन्सुलिनची पातळी उतरते, चरबीतील मेदाम्ले रक्तात येतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन, म्हणजे साखरेऐवजी शरीराला वापरता येणारे इंधन, बनवते. रक्तात त्यांपैकी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे प्रमाण सर्वांत अधिक असते, आणि लघवीच्या पट्टीला नेमके तेच ओळखता येत नाही. पट्टीचा रंग बदलतो तो असिटोअसिटेट या दुसऱ्या कीटोनमुळे, आणि तोही शरीराने न वापरता बाहेर टाकलेला. काही आठवड्यांत मूत्रपिंडे कीटोन अधिक प्रमाणात परत शोषून घेऊ लागतात, त्यामुळे पट्टी फिकी पडते, पण रक्तातील कीटोन टिकून असतात.

शिवाय पाण्याचाही हिशेब असतो. गेल्या मे महिन्यात दुपारी शेतातून घरी आलो तेव्हा लघवी गडद पिवळी होती आणि पट्टी वांग्याच्या सालीसारखी जांभळी झाली. दोन तांबे पाणी पिऊन संध्याकाळी पुन्हा पाहिले, तर जेमतेम गुलाबी छटा. बोटाला टोचून यंत्रावर घेतलेला रक्तातील आकडा मात्र दोन्ही वेळा 1.1 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपासच होता. तेव्हापासून मी पट्टीवर विसंबणे सोडले. (पट्ट्यांच्या डबीचे झाकण नीट लावले नाही तर दमट हवेने त्या निकामी होतात, हेही मी एक डबी वाया घालवून शिकलो.)

खात्री करायचीच असेल, तर कीटोन मोजणारे यंत्र वापरावे. साखर मोजण्याच्या पट्ट्या त्यासाठी चालत नाहीत, कीटोनच्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्या महाग असतात. या आहारात 0.5 ते 3 मिलिमोल प्रति लिटर हा पल्ला नेहमीचा मानला जातो. आकडा 0.5 च्या खाली गेला, तर आधी ताट तपासावे, कारण ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच 40 ते 50 ग्रॅम पिष्टमय पदार्थ जातात आणि आपल्याकडे भाकरीला कोणी गोडधोडात मोजत नाही. मात्र 0.8 चा 2 व्हावा म्हणून धडपडू नये. जेवणातले तूप वाढवूनही आकडा चढतो, पण तेव्हा ताटातलीच चरबी जळत असते आणि वजनकाटा जागचा हलत नाही.

आपल्या प्रश्नातली शेवटची ओळ मला अधिक महत्त्वाची वाटली: वडिलांना मधुमेह आहे आणि तेही हा आहार सुरू करणार आहेत. त्यांच्या गोळ्यांचे पाकीट आजच पाहा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाची गोळी चालू असेल, किंवा ते इन्सुलिन घेत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या तशाच चालू ठेवून भाकरी सोडली, तर साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. आणि ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन धोकादायक पातळीला जाऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकते. मधुमेही माणसाला उलट्या, पोटदुखी किंवा खोल, जलद श्वास सुरू झाला आणि यंत्रावर आकडा 3 किंवा त्याहून अधिक दिसला, तर साखर ठीक आहे म्हणून घरी थांबू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. त्या वेळी लघवीची पट्टी फिकी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये, कारण या अवस्थेत तिला न दिसणारा कीटोनच सर्वांत जास्त वाढलेला असतो.