बी.कॉम. झालं, ब्रोकरकडे अकाउंट्सला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीची, यंदा बी.कॉम. झाले. वाशीच्या एका शेअर ब्रोकरकडे अकाउंट्समध्ये ट्रेनीची ऑफर आलीये, पण घरचे म्हणतात शेअर बाजार म्हणजे जुगार. काय करू?

उत्तर: अगं, तू सट्टा खेळायला नाही, हिशोब सांभाळायला चाललीयेस, हे आधी घरी नीट सांग. आणि बिनधास्त जा, शिकायला खूप मिळतं. इथे क्लायंटचे पैसे आणि ब्रोकरचे स्वतःचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियमच आहे, आणि जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअर्सचं सेटलमेंट टी प्लस वन झालंय, म्हणजे आज सौदा झाला की पुढच्या वर्किंग डेला पैसे नि शेअर्स पोचायला हवेत, त्यामुळे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपला हिशोब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, महिनाअखेरीला बघू असं चालतच नाही, रोजच्या रोज. मला पहिल्याच महिन्यात 18 रुपयांचा फरक सापडेना, संध्याकाळचे साडेसात वाजले, शेवटी कळलं की 100 रुपये ब्रोकरेजवरचा जीएसटी एका एन्ट्रीत राहिला होता. तो आनंद अजून आठवतो! घरी एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर क्लायंटला देतो ते सौद्याचं बिल, घे, ब्रोकरेज, एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर), स्टँप ड्युटी सगळं हाताने मांडून बघ. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज 7 परीक्षा पण देऊन टाक, बॅक ऑफिसच्या कामासाठी तीच आहे. फक्त पुढे सीए करायचं असेल तर ही नोकरी आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या ट्रेनिंगमध्ये, धरत नाहीत, ते आधी ठरव.