शाळेनं प्रश्न विचारायला शिकवलं, आता घरात काय करायचं?

“मॅडम, शाळेचं हे असंच चालू राहिलं तर मुलगी हाताबाहेर जाईल.”

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत ही तक्रार इतक्या पालकांकडून ऐकली की आता त्यावर लिहायलाच हवं. कुणाचा मुलगा शालेय मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाला आणि घरी आजीलाही हात धुवायला लावू लागला. कुणाच्या मुलीनं लग्नाच्या मांडवात, चारचौघांत, काकांना हेल्मेट का घातलं नाही म्हणून विचारलं. पूर्वी राज्यशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपरातले शेवटचे काही प्रश्न. मुलं ते पाठ करत आणि घर शांत राहत असे. आता काही शाळा मुलांना ग्रामसभेला नेतात, महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय दाखवतात, हातात मोजायची टेप देऊन रस्त्यावर उभं करतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. त्याचे पडसाद घरात उमटतात, तेव्हा पालक माझ्याकडे येतात.

हे पुण्यातल्या एका कुटुंबाचं. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि दोघांना विचारूनच लिहिते आहे. वडिलांचं किराणा दुकान, मुलगी नववीत. तिच्या वर्गानं शाळेपासून चौकापर्यंतचा पदपथ मोजायला घेतला होता. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मुलांनी दुकानागणिक मापं घ्यायची, तक्ता भरायचा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तिथं हा तक्ता जोडून द्यायचा, असा बाईंचा विचार होता.

“तेव्हापासून जेवताना रोज भांडण,” वडील म्हणाले. “परवा म्हणाली, तुम्हाला नियम कळत नाहीत. मतदान अठराव्या वर्षी. आत्तापासून कशाला या भानगडी?”

मी म्हटलं, “गाडीचा परवानाही अठराव्या वर्षीच मिळतो. पण रस्ता ओलांडायला आपण तिला कितव्या वर्षी शिकवलं?”

ते कसनुसं हसले, पण पटलेलं नव्हतं.

मुलगी पहिल्या काही भेटींत जेवढ्यास तेवढं बोलली. अशा वेळी मी ‘हे मूल असं का वागतं’ हा प्रश्न बाजूला ठेवते आणि ‘या वागण्यातून ते काय मिळवू बघतंय’ हे शोधते. ही सवय मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारांतून लागली. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात त्यांनी शाळांच्या सोबतीनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं चालवली. माणसाला आपल्या माणसांत जागा हवी असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. या मुलीला कुठं जागा हवी होती, ते मला दिसत नव्हतं. म्हणून एकदा तिला तो तक्ताच घेऊन यायला सांगितलं.

सुबक अक्षरात एकेक ओळ. मेडिकल, गिरणी, मोबाइल दुरुस्ती. समोर मोकळ्या जागेचं माप. शेवटचा रकाना ‘दुकानदाराचं म्हणणं’, तो मात्र सगळीकडे कोरा.

“तुमचं दुकान कितव्या ओळीत?” मी सहज विचारलं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. “नाहीये. मी मोजलं होतं. घरी येऊन नवीन कागदावर उतरवताना गाळलं.”

“का गं?”

“हे ऑफिसात देणार आहेत. अतिक्रमणची गाडी आली तर?” मग अगदी हळू आवाजात, “मोबाइलवाल्या काकांचं लिहिलं मी. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे.”

इतके दिवस आम्ही सगळे उद्धटपणाचा इलाज शोधत होतो. ज्यांच्यासाठी तिनं खोटा तक्ता केला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. बापाला वाचवलं म्हणून स्वतःचा राग, आणि वाचवायची वेळ आणली म्हणून बापाचा. तिला वर्गातही खरी जागा हवी होती आणि घरातही. एका जागेसाठी दुसरी सोडावी लागेल, असं तिला वाटत होतं.

पुढच्या भेटीत तिनं हे वडिलांसमोर सांगितलं. वडील आवाज चढवतील, अशी मी मनाची तयारी केली होती. ते गप्प बसले. मग म्हणाले, “किती भरलं?”

“एकशे दहा सेंटीमीटर.”

“आणि पाहिजे एकशेऐंशी?”

“हो.”

“फ्रीज आत घेतला तर?”

तिनं बोटांवर हिशेब केला. “पासष्ट वाढतील. एकशेपंच्याहत्तर. पाच कमी.”

“ते चिप्सच्या जाळीचे.”

खोलीत मी आहे हे दोघंही विसरले होते. इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे, अशा क्षणी समुपदेशकानं तोंड उघडायचं नाही. मी वहीसुद्धा बंद केली. थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले. “गाडी आली की मी माल आत घेतो, गेली की पुन्हा बाहेर. ही लहानपणापासून बघतेय ते. मला वाटलं, हिला माझी लाज वाटायला लागली.”

“पप्पा, लाज नाही,” ती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.

आता पालकांशी थोडं. मूल विचारतं तेव्हा त्याचा सूर जरूर दुरुस्त करा, पण प्रश्न दाबू नका. आणि खरं कारण सांगा, ते अडचणीचं असलं तरी. “धंद्यासाठी ठेवलंय, चूक आहे, मार्ग सापडत नाही,” एवढं ऐकायची ताकद चौदा वर्षांच्या मुलात असते. “तुला काय कळतं” याने मात्र ते तुटतं. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून सगळ्यांनी बसावं, सर्वांत लहानानं आधी बोलावं, जे ठरेल ते वहीत लिहावं. वहीतला नियम मोठ्यांनाही लागू. मी हे अनेक घरांत करायला लावलं आहे. पहिले दोन-तीन आठवडे अवघड जातात, मग मुलंच आठवण करून देतात.

शिक्षकांनाही एक विनंती आहे, आणि ती मी कळकळीनं करते. मुलाला त्याच्याच गल्लीचा इन्स्पेक्टर करू नका. गटांना एकमेकांच्या गल्ल्या द्या. शाळेच्या फाटकासमोरचा पदपथ, तिथल्या शिक्षकांच्या दुचाक्यांसकट, सर्वांत आधी मोजा. २०१४ च्या कायद्यानं पथविक्रेत्यांना संरक्षण दिलं आहे, हेही मुलांना कळू द्या, नाहीतर प्रत्येक हातगाडी त्यांना गुन्हा वाटू लागते. आणि मोजून झाल्यावर एक तास फक्त बोलण्यासाठी ठेवा, “मोजताना कुणाला काही जड गेलं का?” एवढं विचारायला. या मुलीला तो तास मिळाला असता, तर ती बहुधा माझ्यापर्यंत आलीच नसती.

शेवटच्या भेटीला ती नवा तक्ता घेऊन आली. त्यात एक ओळ वाढली होती. मोकळी जागा एकशेपंच्याहत्तर. ‘दुकानदाराचं म्हणणं’ या रकान्यात वडिलांच्या अक्षरात: फ्रीज आत घेतला, जाळीचं दिवाळीनंतर बघतो. खाली सही. मोबाइल दुरुस्तीच्या ओळीतला तोच रकाना अजून कोरा होता. तिथं ती शनिवारी जाणार होती, काकांना विचारायला.